कोंबड्यांची प्रकृती उत्तम आहे

टोकावडे, ता. मुरबाड
५ नोव्हेंबर २०२४

धाऊ,

तुझ्या लहानीबायचा डोक्यावर हात.

भाऊबीजेला तू आला नाहीस. मी पाटावर तुझा फोटो ठेवला, तर माझी सून मीना म्हणाली, "आई, फोटोला ओवाळू नका, बरं दिसत नाय." मग तू मागच्या वर्षी इथे विसरलेली माकडटोपी पाटावर ठेवली आणि तिलाच ओवाळलं. टोपीने ओवाळणी काही टाकली नाही. तुझीच टोपी ती.

फोनवर बोलण्यात आता अर्थ उरला नाही. तुझ्या घशाची नस गाठीखाली दबून आवाज गेला, आणि माझे कान तर अंगणवाडीतल्या पोरांनी तीस वर्षांत खाऊन टाकले. परवा तुझ्या लेकाने, साईनाथने फोन लावून दिला तेव्हा तू म्हणे दहा मिनिटं बोललास. मला वाटलं कोणी सायकलमध्ये हवा भरतंय, म्हणून मी फोन ठेवून दिला. आता पत्रच लिहीत जाऊ. माझं अक्षर रजिस्टर भरून वळणदार झालंय, आणि तू रेल्वेचा गेटमन, तुझी वही तर साहेबसुद्धा तपासून जायचा.

आता मुद्द्याचं. साईनाथने मीनाला सांगितलं आणि मीनाने माझ्या कानात ओरडून सांगितलं, म्हणजे ते टोकावड्यात सगळ्यांना कळलंच आहे. फुप्फुसातल्या गाठीला दोन वर्षं दाबून ठेवलेली गोळी आता चालेनाशी झाली. गाठ गोळीला सरावली. म्हणून मुंबईच्या हॉस्पिटलाने तुला कसल्या प्रयोगात घेतलंय. सलाईनमधून एक औषध, आणि त्याच्या जोडीला नवी गोळी. इथवर माझ्या डोक्यात शिरलं. पण त्यातल्या निम्म्या लोकांची गोळी खरी आणि निम्म्यांची खोटी, आणि कोणाला कुठली मिळते हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं? अरे, मी पोरांना जंताच्या गोळ्या द्यायचे तेव्हा मला तरी माहीत असायचं मी काय देते ते!

मी स्वस्थ बसणारी नाही. गुडघे धरून जीपने डोळखांबला गेले, पुढे पाड्यावर चालत, वाळू वैदूकडे. सोबत पुडी पाठवली आहे. एका औषधाला गाठ जुमानत नाही म्हणून डॉक्टरने दोन जोडली ना? मग दोनापेक्षा तीन बरी. रोज एक चमचा, अनशापोटी. पुडी काळी आहे, घाबरू नको. दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही, वास घेऊ द्यायचा नाही, नाहीतर गुण जातो. सुनेचा हात तर मुळीच नको.

तुझी,
लहानीबाय


खर्डी, ता. शहापूर
१२ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०.२५

प्रिय बाय,

तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना आधी नमस्कार, मग तुला.

पत्र ९ तारखेला ११.४० ला मिळालं. टोपी जपून ठेव.

प्रयोगाबद्दल तुझा राग पोचला. मी पण आधी रागावलो होतो. पण डॉक्टरीण बाईंनी समजावलं ते मला पटलं, कारण ते फाटकाचंच गणित आहे. फाटकाला दोन बाजू असतात. एकाच बाजूचा दांडा खाली घेतला तर म्हशी दुसऱ्या बाजूने रुळावर येतात. पहिल्या गोळीने गाठीची एक वाट अडवली, तिने दुसरी शोधली. आता दोन्ही दांडे एकदम पाडून बघायचे, असा हा प्रयोग. सलाईन सगळ्यांना खरंच मिळतं. नवी गोळी खरोखर उपयोगी आहे की नुसता आपला समज, हे कळावं म्हणून निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देतात. डॉक्टरला माहीत असेल तर त्याची नजर बदलते, म्हणून त्यालाही सांगत नाहीत. गाडी गेली की स्टेशनमास्तर मला फोनवर खुणेचा नंबर द्यायचा, तो नंबर आल्याशिवाय मी फाटक उघडत नसे. मग समोर आमदाराची गाडी का असेना. इथेही तसंच आहे. कडक कारभार आहे आणि मला तो आवडला.

एक डायरी दिली आहे. गोळी घेतल्याची वेळ, झालेला त्रास आणि 'याशिवाय दुसरं काही घेतलं का', असे रकाने आहेत. मी ८.५९ ला गोळी घेतली तर ८.५९ लिहितो. डायऱ्या तपासणारी आणि उरलेल्या गोळ्या मोजून घेणारी अक्षदा नावाची मुलगी आहे. ती म्हणाली, "काका, नऊ लिहिलंत तरी चालेल." मी तिला कागदावर लिहून दिलं, की बाळा, एका मिनिटात म्हैस जाते.

सलाईन सुरू झाल्यापासून नाकाला वास नाही आणि जिभेला चव नाही. सूनबाई अनिताने केलेली मटकी आणि बारदान मला सारखंच लागतं. तिला सांगू नको.

तुझी पुडी मिळाली. रोज सकाळी सात वाजता ती घेऊन परसात जातो आणि चमचा रिकामा करूनच आत येतो. एक कण मागे राहत नाही. तू डोंगर चढून आणलीस, हे मी विसरणार नाही.

तुझा,
धाऊ


खर्डी
६ डिसेंबर २०२४

प्रति,
कु. अक्षदा मॅडम, प्रयोग विभाग

विषय : काळ्या पुडीबाबत लेखी खुलासा

मॅडम,

मी, धाऊ, वय ६८, निवृत्त गेटमन, खालीलप्रमाणे खुलासा सादर करतो. नोकरीत मी तीन वेळा खुलासा दिला आणि तिन्ही वेळा निर्दोष सुटलो, हे आधी नमूद करतो.

काल माझ्या रक्तात लिव्हरचा आकडा वाढलेला दिसला. आपण विचारलंत, "काका, काही झाडपाला घेता का?" मी मान हलवून नाही म्हटलं. त्यावर माझी सून अनिता पटकन म्हणाली, "घेतात तर! आत्याबाई पुडी पाठवतात, बाबा रोज सकाळी परसात जाऊन घेतात." आपण पेन खाली ठेवलंत. म्हणालात, असं असेल तर प्रयोगातून नाव कमी करावं लागेल. मी ओरडून सांगत होतो, परंतु आवाज नसल्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

खरी हकीकत अशी. पुडी माझी मोठी बहीण पाठवते. ती मी एकदाही खाल्लेली नाही. ती मी कोंबड्यांना घालतो. कोंबड्या सात आहेत. त्या पुडी आवडीने खातात. पहिले दोन दिवस मला भीती वाटली, पण एकही दगावली नाही. उलट खुडूक बसलेली तांबडी उठून अंडी देऊ लागली. कोंबड्यांची प्रकृती उत्तम आहे. आपण माणूस पाठवून पाहणी करावी.

डायरीत 'दुसरं काही घेतलं का' या रकान्यात मी रोज 'नाही' लिहिलं, ते खरं आहे. सुनेला खरं सांगितलं नाही, कारण अनिता बहिणीच्या सुनेला, मीनाला सांगेल, मीना माझ्या बहिणीला सांगेल आणि बहीण सत्तरी ओलांडलेली आहे. ती त्या पुडीसाठी डोंगर चढली. ती मला लहानपणी पाठुंगळी घेऊन ओढा पार करायची. तिला 'तुझी पुडी कोंबड्यांनी खाल्ली' हे सांगणं माझ्याने होणार नाही. आता सुनेलाही खरं सांगितलं आहे आणि कुलदैवताची शपथ घातली आहे.

मॅडम, मला या प्रयोगातून काढू नका. दुसरं औषध माझ्यासाठी शिल्लक नाही, हे डॉक्टरीण बाईंनी मला स्पष्ट सांगितलं आहे.

साक्षीदार म्हणून सुनेची सही सोबत.

आपला विश्वासू,
धाऊ


टोकावडे
१८ डिसेंबर २०२४

धाऊ,

तुझी दृष्ट काढून हे लिहायला बसले.

अनिताचा मीनाला फोन आला होता. तुझी गोळी आठवडाभर बंद ठेवली होती, लिव्हरचा आकडा वाढला होता म्हणून, आणि आता आकडा उतरून गोळी परत चालू झाली. हे तू मला का नाही कळवलंस? मीनाने सांगितलं तेव्हा माझ्या हातातलं सूप खाली पडलं, निवडलेले तांदूळ अंगणभर झाले.

मीना विचारत होती, "आई, तुमच्या पुडीने तर नाय ना झालं?" मी तिला चांगली फैलावर घेतली. माझ्या पुडीने लिव्हरला काही होत नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगते, कसं ते विचारू नकोस. पण तरी डॉक्टर नको म्हणत असेल तर बंद कर. मी रागावणार नाही. फार तर थोडी रागावेन.

खरं सांग, पुडी चालू आहे ना? नवी सोबत पाठवली आहे.

लहानीबाय


खर्डी
१४ जानेवारी २०२५, दुपारी १.१०

प्रिय बाय,

आज तिळगुळाचा मान तुझा. तोंड गोड कर आणि पुढचं वाच.

काल मुंबईला छातीचा फोटो झाला, तो मोठ्या यंत्रात आत घालून काढतात तो. गाठ लहान झाली आहे. डॉक्टरीण बाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून दाखवला. आधी गाठ आवळ्याएवढी होती, आता करवंदाएवढी आहे. मी तीन वेळा विचारलं, उलटा तर नाही ना लावलात?

साईनाथ बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं फोनवर बोलतोय. रडत होता.

बाय, हे सगळं तुझ्या पुडीमुळे झालं. डॉक्टर काही म्हणोत, सलाईन काही म्हणो. तुझ्या हाताला गुण आहे. ज्या दिवसापासून ती काळी पुडी सुरू झाली त्या दिवसापासून घरात तरतरी आली, अंगावर तेज आलं, चालणं ऐटीत होऊ लागलं. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. वाळू वैदूला माझा रामराम सांग.

तुझा,
धाऊ


टोकावडे
३१ जानेवारी २०२५

धाऊ,

हे पत्र उभ्याउभ्या लिहितेय, तूही बसून वाचू नकोस.

तुझं संक्रांतीचं पत्र आलं, मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. गाठ लहान झाली हे वाचून मला रडू आलं, म्हणून पुढचं मीनाने वाचलं. तिथवर ठीक होतं. पण त्या शहाणीने पत्राचा फोटो काढून बचत गटाच्या बायकांना मोबाईलवर पाठवला. तो मुरबाडला गेला, सरळगावला गेला, आणि तिथून वर लिहून परत आला की "कॅन्सरवर खात्रीशीर काळी पुडी, टोकावड्याची लहानीबाय, दुसऱ्याचा हात लागू देऊ नये." आता रोज माझ्या दारात माणसं. एक बाई म्हशीसाठी मागत होती. सगळ्यांना मी संपली सांगून परत पाठवलं.

पण भगीरथला परत पाठवता आलं नाही. तुला आठवत असेल, मुरबाड-कल्याण जीप चालवायचा तो, खालच्या आळीतला. त्यालाही तुझ्यासारखीच गाठ, तुझ्याच हॉस्पिटलात दर एकवीस दिवसांनी सलाईन. प्रयोगात नाही, साधं. तो पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मावशी, भावाला दिलीस, मी तुझा कोन नाय का?" मी दिली एक पुडी. म्हटलं, दवाखाना सोडू नको. त्याने मान डोलावली.

काल त्याची बायको धोंडीबाई आली. त्याने सलाईन सोडून दिलं, धाऊ. तारीख गेली आणि हा गेलाच नाही. म्हणतो, "त्या सलाईननं उलट्या होतात, पुडीनं नाय होत. धाऊमामाला डॉक्टरनं नाय, पुडीनं बरं केलं, त्यानं लिहून दिलंय." तुझ्या पत्राचा फोटो उशाशी ठेवतो. धोंडीबाई सांगत होती, दोन पायऱ्या चढला तरी धाप लागते.

मी जाऊन सांगितलं, बाबा, दवाखान्यात जा. तर म्हणतो, "मावशी, तू आपल्या तोंडानं आपल्या औषधाला नावं ठेवतेस?" तू त्याला दोन ओळी लिही. तुझं ऐकेल.

लहानीबाय


खर्डी
४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७.२०

बाय,

आज नमस्कार वगैरे काही नाही, आधी माफी.

तुझं पत्र काल ५.१५ ला मिळालं. हे पत्र टपालात टाकत नाही. साईनाथला सुट्टी घ्यायला लावली आहे, तो मोटरसायकलने किन्हवलीवरून हे हातोहात घेऊन येतो आहे. आधी तू वाच. मग भगीरथला वाचून दाखव. मीनाला फोटो काढायचा असेल तर या पत्राचा खुशाल काढू दे.

भगीरथा, ऐक. मी धाऊ, खर्डीचा. मी लहानीबायच्या पुडीतला एक कण खाल्लेला नाही. पहिल्या दिवसापासून ती कोंबड्यांना घातली. संक्रांतीच्या पत्रात 'तेज आलं, ऐट आली' असं जे लिहिलं ते तांबड्या कोंबडीबद्दल होतं. माझ्या अंगावर कसलं तेज, गालफडं बसली आहेत. माझी गाठ लहान झाली ती सलाईनमुळे. माझी गोळी खरी असेल तर कदाचित तिच्यामुळेही. ती खरी की खोटी हे मला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही. पण पुडीमुळे नाही, हे मला पक्कं माहीत आहे. हे पत्र वाचून संपलं की कपडे घाल आणि निघ. साईनाथ तिथेच थांबेल. उलट्या मलाही होतात. बादली शेजारी ठेवतो आणि जातोच.

बाय, आता तुझ्यासाठी. तू डोंगर चढून आणलेलं औषध मी परसात उधळलं. घेतलं असतं तर प्रयोगातून नाव गेलं असतं, तसं मला बजावलं होतं. पण तुला खरं लिहायला मी भ्यालो. आयुष्यभर नंबर आल्याशिवाय फाटक उघडलं नाही, आणि तुला लिहिताना मात्र खोटी नोंद केली. मग तुला बरं वाटावं म्हणून त्यावर साखर पेरली, आणि त्या साखरेला मुंग्या लागल्या त्या भगीरथच्या घरी. त्याचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या डोक्यावर.

हवं तेवढं बोल मला. पण लिहून बोल, म्हणजे वाचता येईल.

धाऊ


टोकावडे
४ फेब्रुवारी २०२५

धाऊ,

तुझ्या उत्तराची वाट न बघता हे लिहितेय, कारण मला झोप नाही. सकाळच्या टपालात टाकते.

पुडी वाळूची नाही. वाळूने मला औषध दिलंच नाही. मी त्याच्या दारात दोन तास बसले. त्याने तुझं सगळं विचारून घेतलं, कुठली गोळी, कुठलं सलाईन, कुठला डॉक्टर. मग म्हणाला, "बाय, त्याच्या पोटात दोन औषधं हायत. तिसरं माझं गेलं नि काय झालं, तर नाव मोठ्या दवाखान्याचं नाय होनार, वाळूचं होनार. तू घरी जा. भावाला नाचणीची भाकर खाऊ घाल." वर चहा पाजला.

मी परत आले. येताना सगळी वाट रिकाम्या हाताकडे बघत आले. तू तिकडे आजारी आणि मी इकडे टोपीला ओवाळणारी. काहीतरी पाठवल्याशिवाय मला राहवेना. म्हणून नाचणी काळी होईपर्यंत करपवली, दळली, चिमूटभर सुंठ घातली आणि पुडी बांधली. अनिताला हात लावू देऊ नको म्हटलं ते यासाठी, की ती एका वासात ओळखेल.

म्हटलं तुझी गोळी खोटी असू शकते, तर माझी पुडी खोटी असली म्हणून काय बिघडलं? तुझा विश्वास बसला तर बसला. मग तुझं पत्र आलं, पुडीने बरं वाटलं म्हणून, आणि माझी जीभच बांधली गेली. आता खरं सांगितलं तर धाऊचा धीर सुटेल, या भीतीने मी भगीरथच्या समोर गप्प राहिले. आता नाही राहवत. तुझा धीर सुटला तर मी येऊन तो परत बांधेन, पण त्या माणसाला मी नाचणीवर मरू देणार नाही. आत्ता त्याच्याकडेच निघाले आहे.

मला माफ कर.

लहानीबाय


टोकावडे
१९ फेब्रुवारी २०२५

कोंबड्यांच्या वैद्यास,

लहानीबायचे आशीर्वाद, अर्धे तुला आणि अर्धे तांबडीला.

मी पत्र पेटीत टाकून भगीरथच्या ओट्यावर चढते, तोच साईनाथची मोटरसायकल आली. मी तिथेच उभी राहून तुझं पत्र वाचलं. कोंबड्या! अरे, सात कोंबड्यांना कळलं ते नाचणी आहे म्हणून, आणि तुला तीन महिने कळलं नाही! मला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना. धोंडीबाई मला पाणी देत होती आणि मी तिच्या नवऱ्याला वाचून दाखवत होते. तुझं झाल्यावर माझंही तोंडानेच सांगितलं.

भगीरथने तुझं पत्र माझ्या हातून घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे एकीनं औषध पाठवलं नाय, दुसऱ्यानं खाल्लं नाय, नि बरा होयाला निघालो मी?" आणि उठून शर्ट शोधायला लागला.

त्याच दिवशी त्याच्याच जीपने कल्याण, पुढे मुंबई. मी सोबत गेले. कोणी बोलावलं नव्हतं, पण माझ्यामुळे झालं होतं. तिथल्या डॉक्टरने त्याला चांगलंच झापलं, आणि नंतर मला. मला ऐकू येत नाही म्हणून पुन्हा एकदा झापलं. दोन दिवस तपासण्या झाल्या. छातीत पाणी झालं होतं, ते काढलं. सलाईन परत सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर आला नसता तर हातात काही राहिलं नसतं. आता घरी आहे. उलट्या करतो आणि मला शिव्या देतो. मी जाऊन ऐकून येते.

तिथे तुझी ती अक्षदा भेटली. तिच्या टेबलावर तुझा कोंबड्यांचा खुलासा फाईलला लावलेला आहे, मी स्वतः बघितला. मी तिला म्हटलं, "पोरी, माझ्या भावाची गोळी खरी का खोटी, एवढं मला हळूच सांग." ती म्हणाली, तिला माहीत नाही. मी म्हटलं, शपथ घे. तिने घेतली. तेव्हा मात्र माझी खात्री पटली, की तो कारभार सच्चा आहे. आमच्या घरापेक्षा तरी.

मग मी विचारलं, नाचणी चालते का? ती आत जाऊन डॉक्टरीण बाईंना विचारून आली आणि म्हणाली, चालेल. मला ऐकू आलं नाही. तिने चार वेळा ओरडून सांगितलं. बाकावरचे सगळे पेशंट माझ्याकडे बघून हातांनी खुणा करायला लागले, चालेल, चालेल.

म्हणून सोबत पिशवी पाठवली आहे. या वेळी करपवलेली नाही. चांगली भिजवून, मोड आणून, सावलीत वाळवून दळली आहे. अनिताला हात लावू दे, आंबील तिलाच करू दे. कोंबड्यांना एक दाणा दिलास तर बघ.

तुझी,
लहानीबाय


खर्डी
२६ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११.०५

बाय,

तुझ्या आंबिलीची वाटी धुऊन झाली, मगच पेन धरलं.

भगीरथचं वाचून छातीवरचा धोंडा उतरला. त्याला सांग, पुढच्या तारखेला आमचं सलाईन एकाच दिवशी येतंय. मी जागा धरून ठेवतो आणि बादली पण.

पुढचा फोटो एप्रिलमध्ये आहे. गाठ अजून लहान होईल की पुन्हा वाट शोधेल, कोणी सांगत नाही. प्रयोग संपेपर्यंत माझी गोळी खरी होती का, हेही कळणार नाही, आणि तेव्हा मी असेन की नाही, तेही माहीत नाही. पण माझ्यामागून जो कोणी येईल, त्याला देताना डॉक्टरला माहीत असेल. मी तीस वर्षं फाटक सांभाळलं, तिथून गेलेल्या एकाही गाडीत मी बसलेलो नव्हतो. त्यामुळे मला याची सवय आहे.

आज सकाळची डायरीतली नोंद तुला उतरवून पाठवतो.

'दुसरं काही घेतलं का' : होय. ८.१० वाजता बहिणीच्या नाचणीची आंबील, एक वाटी. चव लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

'काही त्रास' : ८.१२ पासून डोळ्यांतून पाणी. पाच मिनिटं. आपोआप थांबलं.

ही नोंद मोबाईलवर पाठवल्याबरोबर अक्षदाचा फोन आला. प्रत्येक त्रासाचं कारण लिहावंच लागतं, असा त्यांचा नियम आहे. तिने विचारलं, "काका, डोळ्यांतून पाणी, हे कशामुळे लिहू? गोळीमुळे, सलाईनमुळे, की इतर?"

आवाज जेवढा आहे तेवढ्यात सांगितलं, "इतर."

"इतरमध्ये काय लिहू?"

"बहीण लिही."

तिने लिहिलं.

तुझा,
धाऊ